दोष घरात की बाहेर?

तुमची शोकसभा झाली. मी गेले होते. सुतकात बाहेर पडायचं नसतं, असं शालूनं, तुमच्या धाकट्या बहिणीनं, मला दारापर्यंत येऊन बजावलं. पण जिथं तुमच्याबद्दल वाटेल ते बोललं जाणार आणि तुम्हाला उठून "असं काही नव्हतं हो" म्हणता येणार नाही, तिथं आपल्या बाजूचं एक माणूस असावं, म्हणून गेले.

अध्यक्षांनी तुम्हाला 'रत्नागिरीच्या संगणकयुगाचा दीपस्तंभ' म्हटलं. गावात एक दीपस्तंभ आहे, तो पुरे. तुम्ही मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळलीत आणि निवृत्त झाल्यावर घरातलं इंटरनेट सांभाळत बसलात. ह्यात युग कुठं आलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. भाषण रंगात आलं आणि माइक खरखरायला लागला. सगळी सभा विजेला नावं ठेवू लागली. मला वाटलं, आता तुम्ही त्या हार घातलेल्या फोटोतून खाली उतरणार, टेबलाखाली शिरणार आणि म्हणणार, "जरा थांबा. आधी आपली वायर बघू." कुणीच बघितली नाही. अध्यक्ष माइकशिवाय, ओरडून, तुमच्या मितभाषीपणाबद्दल बोलले. तुम्ही आणि मितभाषी!

परत येताना रिक्षात समीर म्हणाला, "आई, आता तू पुण्याला चल."

"येईन की. दिवाळीत."

"दिवाळीत नाही. तेरावं झालं की माझ्याबरोबर. कायमची."

रिक्षाचा पडदा वाऱ्यानं फडफडत होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवणं सोपं गेलं. पण ऐकू आलं होतं. आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे, कारण मला ह्या घरातून बाहेर काढायला तुमचा मुलगा जे कारण पुढं करत होता, ते तुमचं लाडकं इंटरनेट होतं.

तसं आपलं भांडण जुनं. नेट बंद पडलं की तुम्ही म्हणणार, दोष घरातला आहे. मी म्हणणार, बाहेरचा. तुम्ही कारखान्याचा दाखला द्यायचात. ट्रॉलर बर्फासाठी धक्क्याला खोळंबलेत, खलाशी शिव्या घालताहेत, कॉम्प्रेसर बसलाय, अशा वेळी वीजवाल्यांना नावं ठेवून बर्फ होत नाही. "दोष आपल्याकडे धरला की हात हलतो," तुम्ही म्हणायचात, "दुसऱ्याकडे धरला की नुसतं तोंड." मी म्हणायचे, तुमचं तर दोन्ही हलतं.

सुरुवातीला सगळं फोनच्या तारेवरून यायचं, तेव्हाचं आठवतं? मोडेम किंचाळायचा, मग घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरायचा आणि मग तुम्ही हात वर करून आम्हाला गप्प करायचात, जणू तो काही महत्त्वाचं सांगणार आहे. तो बोलत असेपर्यंत फोन एंगेज. तुमचे राजापूरचे मामेभाऊ त्या काळात एकदा एसटीनं थेट दारात येऊन उभे राहिले. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"जिवंत आहात ना रे सगळे? कालपासनं फोन लावतोय, नुसता एंगेज! एवढा वेळ बोलतो कोण? म्हटलं, फोन उपडा पडलाय आणि माणसं पण."

तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. पडद्यावर कुठल्याशा परदेशी कॉम्प्रेसरचं चित्र वरून खाली, एकेक ओळ करत उतरत होतं. "या, बसा," तुम्ही म्हणालात, "डोकं आलंय. धड यायचंय." त्या भल्या माणसानं चहा होईपर्यंत खरंच धडाची वाट पाहिली. चित्र कमरेपर्यंत आलं आणि लाइन तुटली. "आता?" त्यांनी विचारलं. "आता पहिल्यापासून," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तुमचा रागही धड आला नाही.

पुढं ब्रॉडबँड आलं, आणि त्याच्या मागोमाग समीरनं पुण्याहून तो दोन शेपट्यांचा वायफायचा डबा आणला, बरोबर एक लॅपटॉप. "आता वायर नाही, बाबा. घरात कुठंही बसा." बिचारा पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहून चिऱ्याच्या भिंती विसरला होता. फोनची तार पुढच्या खोलीत येते, म्हणून डबा तिथं. तुमचं टेबल अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत. मधल्या हातभर जाडीच्या भिंतींतून आजवर कुणाचं घोरणंसुद्धा पलीकडे गेलेलं नाही, तिथं ह्या लहरी काय जाणार! तुम्ही डबा घेऊन घरभर फिरलात. कपाटावर ठेवलात, माळ्यावर ठेवलात, एक दिवस देवांच्या शेजारी ठेवलात. शालू आलेली होती, तिनं त्याला हळद-कुंकू लावलं. शेवटी तो पुढच्या खोलीच्या खिडकीत बसला आणि मागच्या खोलीत लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. समीरनं "बाबा, सरळ केबल टाका ना" म्हटलं, तर तुम्ही ताठ मानेनं उत्तर दिलंत, "हवेतून येतंय ते दोरीनं बांधून कशाला आणू?"

मग पाऊस आला आणि नेट गेलं.

दरवर्षी तेच. मृगाच्या आधी घर पावसाला तयार करायचं, आणि नेटचा कारभार मंदावायचा. दसरा झाला की पुन्हा सुरळीत. आपल्याकडे पावसाळ्यात काय नीट चालतं? वीज जाते, फोन खरखरतो, टीव्हीवर मुंग्या येतात, काड्यापेटी पेटत नाही. त्यातच एक नेट. पण तुम्ही मानलं नाहीत. खाऱ्या वाऱ्यानं तारेतलं तांबं खाल्लंय. पालीनं घर केलंय. फ्रिज आडवा येतोय. फणसाची पानं भिजली की लहरी शोषून घेतात. ह्या शेवटच्या तर्कावर तुम्ही इतके खूश होतात की फणसाची एक फांदी तोडायला निघालात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी एका झाडासाठी सत्याग्रह केला.

लाइनमन यायचा. खांबावर चढायचा, उतरायचा, आणि तुमचीच बाजू घ्यायचा.

"काका, आमच्याकडनं लाइन क्लीन हाय. दोष घरातलाच."

"ऐकलंस?" तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, जणू मेडल मिळालंय.

"घरातला म्हणजे कुठला?" मी त्याला विचारायचे.

"ता मला कसा कळणार, काकी? घर तुमचा."

तुमचे गुडघे शिडीला तयार नव्हते, म्हणून चढायचे मी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात शिड्यांवरच आयुष्य काढलेलं. तुम्ही खाली शिडी धरून सूचना द्यायचात, त्यातल्या बहुतेक चुकीच्या. पलीकडच्या बायका म्हणायच्या, म्हातारीला शिडीवर चढवतो आणि स्वतः खाली उभा राहतो. त्यांना काय माहीत, त्या शिडीवरून मला घराच्या वाशा-वाशाची ओळख झाली. कुठली तार कुठून येते, कुठं जोड आहे, कुठला खिळा नुसता शोभेचा आहे. तुम्ही स्वतः चढू शकला असतात तर हे घर मला कधीच वरून दिसलं नसतं. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्याचंही श्रेय घेतलं असतंत.

आणि मग तुम्ही गेलात. तेही भर आषाढात, सकाळी चहाचा कप हातात असताना. फोन उचलला तर त्यात नुसती समुद्राची गाज. मोबाइलचा मनोरा विजेविना बसलेला. मी शेजारच्या दाऊदभाईंना हाक मारली. ते लुंगीवरच धावत आले, तुमच्या नाडीवर हात ठेवून बसले, आणि मग भिजत स्कूटरवरून स्टँडपाशी गेले, कारण तिथल्या बूथवरचा फोन चालू असतो. समीरला ती बातमी त्यांच्या तोंडून कळली, आणि दुपार टळल्यावर. तोवर तो ऑफिसात नेहमीसारखा बसलेला होता. तेच त्याला सलतंय. तुम्हाला शेवटचं पाहता आलं नाही ह्यापेक्षा, आपले बाबा गेले असताना आपण डबा खात होतो, हे. हे त्यानंच मला सांगितलं. म्हणून त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हते.

"इथं फोन लागत नाही, नेट लागत नाही," तो म्हणाला. "तुला रात्री-बेरात्री काही झालं तर मला कोण सांगणार?"

"दाऊदभाई सांगतील."

"आई, ही थट्टा नाहीये."

नव्हतीच.

तेराव्याच्या दिवशी पावसानं कहर केला. मला तेरावं नको होतं, तुम्हालाही नको असतं; पण शालूनं डोळ्यांना पदर लावला आणि मी गप्प बसले. अंगणात चुलीवर स्वयंपाक चालला होता आणि वरच्या ताडपत्रीतून पाणी थेट भाताच्या टोपात पडत होतं. दाऊदभाई आत डोकावले.

"भाबी, मागच्या खोलीच्या खिडकीवरचा पत्रा काढून घेतो हां. चूल विझायला आली."

"घ्या," मी म्हटलं. "घर काढून नेलंत तरी चालेल."

"घर नको. पत्रा पुरे."

दुपारी माणसांचा कंटाळा आला म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन तुमच्या खुर्चीत बसले. हाताला चाळा म्हणून लॅपटॉप उघडला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आणि मेल यायला लागल्या. एकामागून एक, धो धो, इतके दिवस कुठंतरी दाटीवाटीनं उभ्या असल्यासारख्या. कोपऱ्यात बघितलं तर सगळ्या रेघा भरलेल्या. आषाढात! मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणापलीकडे पुढच्या खोलीची खिडकी दिसत होती, आणि त्या खिडकीत बसलेला तुमचा डबा माझ्याकडे हिरवे डोळे मिचकावत होता.

पत्रा, अहो! पत्रा!

दरवर्षी मृगाच्या आधी पावसाचा मारा आत येऊ नये म्हणून ह्या खिडकीवर सुंभानं घट्ट बांधलेला पत्रा. दसऱ्याला सोडलेला पत्रा. भिंतीतून काही येत नव्हतंच; जे येत होतं ते खिडकीतून खिडकीत, आणि त्यालाच आपण दर पावसाळ्यात दार लावत होतो. मी शिडीवर चढून, आणि तुम्ही खालून "अजून घट्ट आवळ" म्हणून ओरडत. आणि मग तुम्ही त्याच खोलीत बसून फणसाच्या पानांचा अभ्यास करत होतात!

मला हसू आलं. आलं म्हणजे काय, आवरेना. किती दिवसांनी पोटातून हसत होते, आणि थांबता थांबत नव्हते. शालू धावत आली.

"वहिनी! अगं वहिनी, काय होतंय तुला?"

"पत्रा होता गं, शालू! इतकी वर्षं नुसता पत्रा!"

तिनं समीरला हाक मारली. समीरच्या मागे पानावर बसलेली दोन माणसं आली. कुणीतरी मला पाणी दिलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. मी त्यांना समजावून सांगायला लागले की दोष घरातलाच होता, ह्यांचं बरोबर होतं, तर शालू रडायलाच लागली. नंतर स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला, "धक्का बसलाय रे तिला. आज तेरावं आणि ही हसतेय. एकटीला ठेवू नकोस, समीर." संध्याकाळपर्यंत माझी बॅग भरलेली होती. तुमचा तो करडा स्वेटरसुद्धा घातला होता आत.

मी भांडले नाही. माणसं गेल्यावर समीरला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं, लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हटलं, "कोपऱ्यातल्या रेघा बघत बस. मी विचारीन तेव्हा सांग." छत्री न घेता अंगणात गेले. दाऊदभाई पत्रा परत आणतच होते.

"धरा हा खिडकीवर, भाई."

"आता? भिजाल, भाबी!"

"धरा हो."

आम्ही दोघांनी पत्रा उचलून खिडकीवर दाबला. "किती?" मी ओरडले.

"एक," आतून समीर. "ती पण जातेय-येतेय."

पत्रा खाली घेतला. "आता?"

समीर पडद्याकडे वाकला. मग, "सगळ्या."

"पुन्हा धरा, भाई!"

"गेल्या!"

"काढा!"

"आल्या! आई, आल्या!"

दाऊदभाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ते मनापासून पत्रा वर-खाली करत होते. "कोण येतंय? कोण जातंय?" त्यांनी विचारलं, आणि आत समीर हसायला लागला. पत्रा खाली होता, म्हणून मला तो खिडकीतून दिसत होता. तुमच्या खुर्चीत बसून, तुमच्यासारखं मान मागे टाकून हसत होता. मग ते हसणं मधेच मोडलं आणि त्यानं टेबलावर डोकं ठेवलं. इतके दिवस त्यानं रजेचं, रिक्षाचं, वाण्याचं सगळं बघितलं होतं. रडला मात्र आत्ता. दाऊदभाईंनी पत्रा भिंतीला टेकवला आणि ते आपल्या घराकडे गेले.

मी ओल्या साडीनिशी आत आले तेव्हा तो डोळे पुसून शहाण्यासारखा बसला होता. "बरं," तो म्हणाला. "मग पत्रा लावू नकोस. नेट चालू राहील. रोज संध्याकाळी मला दिस. जोवर दिसतेस तोवर राहा इथं."

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण इथं तुम्ही खूश होऊन मान डोलावली असतीत. नेट जिंकलं, सुनावणी संपली. मला ते मान्य नाही.

"समीर," मी म्हटलं, "पत्रा नाही लावला तर बाबांचं टेबल कुजेल. तिथं मी आरपार दिसणारं प्लास्टिकचं पान बसवीन, ते माझं मी बघते. पण नेट चालू म्हणून मी इथं राहणार नाही. नेट बंद पडलं म्हणून जाणारही नाही. ह्या घरात राहायला त्या डब्याची परवानगी मला नको."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर होईल. बाबांना झालं तेव्हा मी शेजारी होते, तरी झालंच की. तुला उशिरा कळलं ह्याचं मलाही वाईट वाटतं. पण तुला लवकर कळावं म्हणून मी पुण्याच्या सहाव्या मजल्यावर जाऊन जगायचं, हे मला जमणार नाही."

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "बाबांसारखी बोलायला लागलीस."

"बाबा एवढं थोडक्यात बोलत नसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सामान चढवताना त्यानं माझी बॅग उचलली. सवयीनं उचलली की अजून आशा होती, मी विचारलं नाही. मी ती त्याच्या हातातून घेतली, आत आणली आणि तुमचा स्वेटर काढून खुंटीला लावला. त्याच्याबरोबर निघालेली शालू गाडीच्या काचेतून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच पुढची वाईट खबर असावी.

आता तुमच्या-माझ्या भांडणाचा हिशेब. पत्र्याच्या बाबतीत तुमचं खरं ठरलं. पण ते लोक गेल्यावर आठवड्यातच फोनची लाइनसुद्धा पुन्हा गेली. लाइनमन आला, खांबावर चढला, आणि वरच्या जोडात पाणी साचलंय असं तोंडानं कबूल करून, जोड नवा करून उतरला. म्हणजे माझंही खरं होतं. दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते आणि आपण दोघं त्यातला एकेक धरून इतकी वर्षं भांडत राहिलो. तुम्ही हे कळायच्या आधी गेलात ह्याचा मला मनस्वी राग आहे. तुमचा पडलेला चेहरा बघायचा माझा हक्क होता, आणि तुमचा फुललेला चेहराही.

तुमच्या त्या चुकीच्या तर्कांवाचून घर फार शांत झालंय. कधी कधी मीच एखादा तर्क मोठ्यानं बोलून बघते. जमत नाही. तुमच्यासारखा आत्मविश्वास चुकीचं बोलताना यायला हवा.

परवा संध्याकाळी समीरचा कॉल आला. प्लास्टिकचं पान बसवलं आहे, रेघा बऱ्यापैकी होत्या. पण पलीकडे पुण्याला पाऊस लागला होता की आणखी काही, त्याचं तोंड अर्धं उघडं तसंच गोठून राहिलं. आवाज तेवढा येत होता, तुटत तुटत.

"आई? आई, तू दिसत नाहीयेस."

"नसेन दिसत."

"मग? मी काय समजू?"

"आहे," मी म्हटलं. "मी इथंच आहे, असं समज."